घरी घडवायच्या चँटरसाठी द्रव्याची निवड: अस्सलपणाच्या प्रश्नाची एक बाजू

स्कॉटलंडच्या हायलँड बॅगपाइपमधील ज्या नळीवर बोटे फिरवून सुरावट काढली जाते, तिला चँटर असे म्हणतात. ही नळी स्वतः घडवू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो द्रव्याचा. वरकरणी तो कारागिरीचा प्रश्न वाटला, तरी त्याच्या मुळाशी अस्सलपणाची कल्पना आहे आणि म्हणूनच तौलनिक अभ्यासकाने त्याची दखल घ्यायला हवी.

आज या वाद्यासाठी प्रमाण मानले जाणारे आफ्रिकी ब्लॅकवुड टांझानिया, मोझांबिक या प्रदेशांतून येते. ते आपल्या शिसवीच्याच डालबर्जिया प्रजातीतील असून पाण्यात बुडण्याइतके घट्ट असते. वादकाच्या दमट श्वासाने ते सहसा फुगत नाही आणि त्यात छिद्रांच्या कडा रेखीव राहतात. मात्र त्याआधी लॅबर्नमसारखी जवळपासची लाकडे वापरात होती. पुढे सागरी व्यापाराबरोबर वेस्ट इंडिजचे कोकसवुड आणि एबनी आले. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, तेच मुळात स्थलांतरित आहे.

द्रव्याने नाद बदलतो का? जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चांदी, तांबे व लाकूड यांच्या, आतून समान घडणीच्या बासऱ्या श्रोत्यांना ऐकवल्या. श्रोत्यांना त्यांतील भेद ओळखता आला नाही. चँटर हे पत्तीचे वाद्य असल्याने हा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही पोकळीचा आकार, तिची गुळगुळीतता आणि छिद्रांची जागा यांना प्राधान्य द्यावे, हे त्यावरून सुचते.

मुख्य चँटरची पोकळी शंकूच्या आकाराची असते. ती कोरण्यास निमुळते हत्यार आणि कातारकामाचा सराव लागतो. सरावाच्या चँटरची पोकळी सरळ असल्याने तयार नळीवरही काम भागते. नवशिक्याने तेथूनच आरंभ करणे इष्ट. पीव्हीसीची नळी स्वस्त व ओलाव्याला दाद न देणारी आहे. परंतु बासरीप्रमाणे तापलेल्या सळईने तिला छिद्रे पाडू नयेत, कारण जळताना तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. छिद्रे गिरमिटानेच पाडावीत. शिसम निवडल्यास लाकूड पुरते वाळलेले असावे, पोकळीला तेल द्यावे, आणि भुशाची ॲलर्जी होऊ शकत असल्याने नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. पाकिस्तानातील सियालकोटचे कारागीर शिसमाचे बॅगपाइप घडवून जगभर पाठवतात, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

२०१७ पासून डालबर्जियाच्या जवळजवळ सर्व जाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, कच्च्या लाकडावरील नियंत्रण राहिले. तेव्हा ब्लॅकवुडचा आग्रह आता केवळ अभिरुचीचा विषय उरलेला नाही. नऊ स्वरांची रचना, बोटांची चाल आणि शिष्यपरंपरा टिकली, तर नळी शिसमाची असो वा प्लास्टिकची, वाद्याची ओळख टिकते. भाषांतरित कृतीचे मूल्य ठरवतानाही आपण याच कसोटीपाशी येऊन थांबतो: कृतीचे द्रव्य बदलले, पण रचना पोचली का?