एक माड, एक रोज
लेखमाला : आपत्ती आणि आपला सातबारा – भाग ४

पंचनामा कोण करतं, हे मागच्या भागात पाहिलं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकांनी नोंदवलेले आकडे तहसीलमधून सिंधुदुर्गनगरीला जिल्हाधिकारी कार्यालयात येतात, कोकण विभागीय आयुक्तांमार्फत मंत्रालयात जातात, आणि शासन निर्णय निघाला की पैसे खात्यावर जमा होतात. आज प्रश्न रकमेचा. ती ठरते कशी?

आधी एक शब्द समजून घेऊ. गावात आपण ‘नुकसानभरपाई’ म्हणतो. शासनाच्या कागदावर असतं ‘निविष्ठा अनुदान’. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. गेलेल्या पिकाची किंमत इथे धरलेलीच नसते. पुढचा हंगाम उभा करायला दिलेला हा हातभार. तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ ते २०२६ साठी केंद्राचे दर असे : जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्य सरकार वेळोवेळी त्यात स्वतःची भर घालतं.

हा हिशेब हेक्टरचा, आणि आपली जमीन गुंठ्यांची. दहा गुंठे भात आडवं झालं तर या दराने जेमतेम साडेआठशे रुपये होतात. म्हणूनच नियमात जिरायतीसाठी किमान १,००० रुपयांची तरतूद आहे. पण परसातले पाच माड, विहिरीकडच्या पोफळी, कुंपणालगतचा रतांबा हेक्टरात कसे मोजायचे?

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, वेंगुर्ला, देवगडात माड मुळासकट उपटले, कलमं चिरली. तेव्हा सरकारने आदल्या वर्षीच्या निसर्ग वादळाचेच वाढीव दर लावले : फळबागेला हेक्टरी ५०,०००, नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये. हेक्टर बाजूला ठेवून झाड मोजलं गेलं, ही मोठी गोष्ट होती. ज्याच्याकडे बाग नाही, नुसते चार माड आहेत, त्याचंही नुकसान त्यामुळे कागदावर आलं.

पण २५० रुपये म्हणजे किती? त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची एका दिवसाची मजुरी २४८ रुपये होती. एका माडाची मदत म्हणजे माणसाचा एक रोज. बाणवली माड धरायलाच सहा-सात वर्षं लागतात आणि मग तो दोन पिढ्या घर चालवतो. भाताचं नुकसान एका हंगामाचं असतं, माडाचं कित्येक वर्षांचं. निविष्ठा अनुदानाच्या चौकटीत ही वर्षं बसतच नाहीत. म्हणून झाडाचं वय आणि पुन्हा फळ धरेपर्यंतचा काळ लक्षात घेणारा दर कायमच्या निकषांत हवा. वादळ आलं की खास निर्णयाची वाट पाहायला लागू नये.

तोवर तीन कामं आपल्या हातात आहेत. ई-पीक पाहणीत झाडांची संख्या नोंदवा. नोंद नसलेलं झाड पंचनाम्यात सिद्ध करणं कठीण जातं. सातबारा सामायिक असेल तर मुंबईतल्या हिस्सेदारांशी गणपतीत बोलून ठेवा. एकाच्या खात्यावर पैसे घ्यायला बाकीच्यांची संमती लागते, आणि ती वादळानंतर गोळा करताना महिने जातात. यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर आधार पडताळणी करा. तिच्याविना मंजूर रक्कमही अडून राहू शकते.

पडलेल्या माडाच्या जागी नवा लावणारा माणूस सात वर्षांचा भरवसा जमिनीत पुरत असतो. मदतीच्या नियमांनी निदान ती सात वर्षं मोजावीत.

(पुढच्या भागात : आंबा-काजूचा फळपीक विमा)