अंगावरचे दूध आणि वरचे दूध : अर्भकपोषणातील निवड व तिच्या अटी

प्रस्तावना

बाळाच्या जन्मानंतर आई-वडिलांसमोर येणारा पहिला मोठा निर्णय त्याच्या पोषणाचा असतो. या निर्णयाच्या दोन बाजूंसाठी मराठीत दोन साधे शब्द रूढ आहेत : अंगावरचे दूध आणि वरचे दूध. ‘वरचे दूध’ म्हणजे पूर्वी गाईचे, शेळीचे किंवा पाणी घालून पातळ केलेले म्हशीचे दूध असे. आज शहरांत व निमशहरी भागांत त्याचा अर्थ बहुतांशी डब्यातील भुकटीपासून केलेले दूध, म्हणजेच ‘फॉर्म्युला’, असा झाला आहे.

या विषयाची चर्चा प्रायः दोन द्रव्यांच्या तुलनेपासून सुरू होते आणि आईच्या कर्तव्यबुद्धीचे मोजमाप करण्यापाशी येऊन थांबते. प्रत्यक्षात ही निवड एकट्या आईने शांतपणे विचार करून केलेली क्वचितच असते. प्रसूतिगृहातील पहिला तास, घरातील पहिले काही आठवडे आणि कामावर रुजू होण्याचा दिवस या तीन टप्प्यांवर ती घडत जाते. या तिन्ही टप्प्यांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन दुधांतील फरक

मानवी दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिने व ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते; गाईच्या दुधात प्रथिने सुमारे ३.३ ग्रॅम, तर शर्करा ५ ग्रॅमच्या आतच असते. प्रथिने व क्षार यांचा हा भार अर्भकाच्या अपरिपक्व मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणूनच भुकटी तयार करताना गाईच्या दुधातील घटकांचे प्रमाण बदलून ते मानवी दुधाच्या जवळ आणले जाते. घटकांच्या प्रमाणाचा विचार करता आजची प्रमाणित भुकटी बाळाची वाढ नीट होऊ देते, हे मान्य करावे लागते.

खरा फरक प्रमाणात न सामावणाऱ्या गोष्टींत आहे. आईच्या दुधात ‘आयजीए’ प्रकारची प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन, जिवंत पेशी आणि आतड्यातील उपयुक्त जीवाणूंना पोसणाऱ्या विशिष्ट शर्करा असतात. आईच्या शरीराचा ज्या रोगजंतूंशी संबंध आला, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या दुधातून बाळाला मिळतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतील घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, यात या संरक्षक घटकांचे प्रमाण सर्वाधिक असते. हाच चीक ‘जड’ वा ‘नासका’ समजून पिळून टाकण्याची प्रथा अनेक घरांत होती, हा या विषयातील एक खेदजनक विरोधाभास होय.

पुराव्याचे स्वरूप

स्तनपानाच्या लाभांविषयीचे सर्वच दावे सारख्या बळाचे नाहीत, याची जाणीव अभ्यासकाने ठेवणे आवश्यक आहे. अंगावर पाजणाऱ्या व न पाजणाऱ्या कुटुंबांत शिक्षण, उत्पन्न व आरोग्य यांचाही फरक असतो. त्यामुळे कोणता परिणाम दुधाचा व कोणता परिस्थितीचा, हे वेगळे काढणे कठीण जाते. शिवाय कोणत्या बाळाला कोणते दूध द्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे नीतीला धरून होत नाही.

बेलारूसमधील ‘प्रोबिट’ या अभ्यासाने यावर एक मार्ग काढला. ३१ प्रसूतिरुग्णालयांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या काही रुग्णालयांत मातांना स्तनपानासाठी पद्धतशीर साहाय्य देण्यात आले, तर उर्वरित ठिकाणी नेहमीचीच व्यवस्था राहिली. १७,०४६ माता-बालकांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. साहाय्य मिळालेल्या गटात तीन महिन्यांनंतर निव्वळ स्तनपानाचे प्रमाण ४३.३ टक्के होते. दुसऱ्या गटात ते अवघे ६.४ टक्के होते. पहिल्या वर्षात जठरांत्राचा संसर्ग झालेल्या बाळांचे प्रमाण अनुक्रमे ९.१ व १३.२ टक्के आढळले. पुढील वयातील स्थूलतेवर मात्र अपेक्षित परिणाम दिसून आला नाही.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. संसर्गापासून संरक्षण हा स्तनपानाचा सुप्रस्थापित लाभ आहे, आणि जेथे पाणी व स्वच्छता यांची शाश्वती नाही तेथे त्याचे मोल अधिक आहे. दुसरी गोष्ट या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. दोन्ही गटांतील माता एकाच देशातील, स्तनपान करण्याचा मानस असलेल्या होत्या; फरक होता तो त्यांना मिळालेल्या साहाय्याचा.

पहिला तास

जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे व सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे वा त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात भारतातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेले. याच काळात तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्क्यांवर आले. याचा अर्थ, अधिक स्त्रिया रुग्णालयात पोहोचल्या, पण तेथील पहिला तास बाळाच्या वाट्याला आला नाही. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाणही याच काळात १७.२ वरून २१.५ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रियेनंतर आई व बाळ वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले गेल्यास आणि परिचारिकांची संख्या अपुरी असल्यास ‘तोवर थोडे वरचे पाजा’ हा सल्ला सोयीचा ठरतो. आई शुद्धीवर येऊन बाळाला जवळ घेते तेव्हा पहिली निवड होऊन गेलेली असते.

सहा महिन्यांच्या आतील बालकांतील निव्वळ स्तनपानाचे प्रमाण मात्र याच दोन सर्वेक्षणांदरम्यान ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले, ही समाधानाची बाब आहे.

घरातील पहिले आठवडे

‘दूध पुरत नाही’ हे वरचे दूध सुरू करण्याचे सर्वांत सामान्य कारण सांगितले जाते. ते समजून घेण्यासाठी दूधनिर्मितीची क्रिया लक्षात घ्यावी लागते. बाळ ओढू लागले की आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर आणते. यालाच मराठीत पान्हा फुटणे म्हणतात. स्तन जितके रिकामे होतात तितके दूध पुन्हा तयार होते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ कमी ओढते, त्यामुळे दूध कमी तयार होते, आणि मूळची शंका खरी ठरते. वेदना, भीती व चिंता यांनी पान्हा अडतो. त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीत वारंवार विचारला जाणारा ‘दूध येतंय ना?’ हा काळजीचा प्रश्नही कधी कधी अडथळा ठरतो.

पहिल्या काही दिवसांत नवजात बाळाचे वजन किंचित घटते व साधारणतः दोन आठवड्यांत भरून येते. बाळ रडते म्हणजे ते उपाशीच आहे असे नव्हे. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वा अधिक वेळा लघवी होणे आणि वजन नियमित वाढणे हे दूध पुरत असल्याचे विश्वसनीय निकष होत. वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल वा बाळ सुस्त असेल, तर मात्र विनाविलंब वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी.

बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या रीतीने असंख्य स्त्रियांना विश्रांती व अनुभवी हातांचा आधार दिला. अळिवाची खीर व डिंकाचे लाडू यांमागेही बाळंतिणीला पोटभर, पौष्टिक अन्न मिळावे हीच दृष्टी आहे. मात्र मध चाटवणे, गुटी उगाळून देणे व वरचे पाणी पाजणे या रीतींनी सहा महिन्यांचे निव्वळ स्तनपान खंडित होते. मधातून तर अर्भकाला बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका संभवतो.

वरचे दूध : गरज आणि शिस्त

काही वेळा वरचे दूध आवश्यकच असते. गॅलॅक्टोसेमियासारख्या चयापचयाच्या जन्मजात विकारात बाळाला आईचे दूध चालत नाही. आईवर कर्करोगाची औषधयोजना चालू असेल, आईचा मृत्यू झाला असेल, बाळ दत्तक घेतलेले असेल, किंवा योग्य साहाय्यानंतरही दूध खरोखर अपुरे पडत असेल, तेव्हा भुकटी बाळाचा जीव जगवते. अशा आईला अपराधी ठरवणे शास्त्राला धरून नाही व माणुसकीलाही नाही. अकाली जन्मलेल्या बाळांसाठी दात्या मातांचे दूध हा मधला मार्ग आहे. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली.

भुकटीचे दूध देताना शिस्त पाळावी लागते. भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, ते ७० अंश सेल्सिअसच्या खाली जाण्यापूर्वी त्यात भुकटी मिसळावी, दूध कोमट करून लगेच पाजावे व दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची मार्गदर्शिका सांगते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा वा बोंडले स्वच्छ ठेवणे सोपे असते. चार-पाच महिन्यांच्या बाळाला दररोज सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३ किलो भुकटी लागते. हा खर्च न झेपणाऱ्या घरात डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केले जाते. बाळाचे पोट भरलेले दिसते, पण पोषण होत नाही.

बाजारपेठेच्या दडपणापासून कुटुंबाचे रक्षण व्हावे म्हणून जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने १९९२ मध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदा केला व २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या दुग्धपर्यायांची व शिशुआहाराची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्यसेवकांना दिल्या जाणाऱ्या भेटी यांस त्यानुसार मनाई आहे. डब्यावर आईचे वा बाळाचे चित्र छापता येत नाही. हा कायदा भुकटीच्या वापरास मनाई करत नाही. तो मनाई करतो ती तिच्या प्रलोभनास.

कामावर रुजू होण्याचा दिवस

तिसरा टप्पा नोकरीचा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली; ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर अनिवार्य झाले. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी सुटी देण्याची तरतूद मूळ कायद्यातच होती. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही समाविष्ट आहेत.

२६ आठवडे आणि सहा महिने यांचा मेळ उघड आहे. परंतु शेतमजूर, घरकामगार व ऊसतोडणी कामगार स्त्रियांना अशी रजा व्यवहारात मिळत नाही. सुशिक्षितांच्या संस्थांतही सारे आलबेल नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापिकेचे मानधन घेतलेल्या तासांवर अवलंबून असते. रजा म्हणजे तिच्यासाठी बुडालेले उत्पन्न होय. काढून ठेवलेले दूध सामान्य तापमानाला सुमारे चार तास व शीतकपाटात चार दिवस टिकते, पण ते काढण्यासाठी कडी लागणारी एखादी खोली आणि वेळापत्रकातील अर्धा तास हवा असतो. हा अर्धा तास न मिळाल्यास सहाव्या महिन्यानंतरचे स्तनपान शिफारशीपुरतेच उरते.

निष्कर्ष

अंगावरचे दूध श्रेष्ठ आहे, हे सांगून समाजाची जबाबदारी संपत नाही. पहिला तास रुग्णालयाच्या हाती असतो, पहिले आठवडे घराच्या आणि पुढील महिने कामाच्या ठिकाणाच्या हाती असतात. या तिघांनी आपापला वाटा उचलला नाही, तर स्तनपान न झाल्याचा दोष मात्र एकट्या आईच्या पदरी पडतो. एखादी आई वरचे दूध का देते, हे विचारण्यापूर्वी तिला अंगावर पाजण्यासाठी कोणी काय दिले, हे विचारणे न्याय्य ठरेल. महाविद्यालयांपुरते बोलायचे तर याची सुरुवात एका बंद होणाऱ्या खोलीपासून आणि वेळापत्रकातील एका मोकळ्या तासिकेपासून करता येण्यासारखी आहे.