बांध, विहीर आणि हिरडा

जमीन आणि गाव : लेखांक 6

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून सुरू होऊन पूर्वेला पठारावर उतरतात. या उताराबरोबर पाऊस कमी होत जातो, पीक बदलते आणि मालमत्ता या शब्दाचा अर्थही बदलतो. पश्चिमेला आहुप्याच्या बाजूला भाताचे खाचर, वरकस जमिनीतली नाचणी-वरई आणि डोंगरातले हिरड्याचे झाड ही घराची इस्टेट. सातगाव पठारावर खरिपातला बटाटा महत्त्वाचा. आणखी पूर्वेला, नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात, कालव्याचे पाणी, विहिरीतला हिस्सा, ऊस, कांदा आणि टोमॅटो यांवर घराची पत ठरते. मालकी सातबाऱ्यावर एका नावाने लिहिलेली असते. प्रत्यक्षात एकाच तुकड्यावर मालकाचा, कसणाऱ्याचा, पाण्याचा, वाटेचा आणि झाडाचा असे निरनिराळे हक्क एकावर एक बसलेले असतात. गावातले सहकार्य आणि गावातली भांडणे, दोन्ही या थरांतूनच येतात.

गावाची वस्ती तीन ठिकाणी विभागलेली असते. मूळ गावठाणात देऊळ, चावडी आणि जुनी घरे. गावठाणाबाहेर वाड्या. आणि शेतातच घर बांधून राहणाऱ्यांचे मळे. विहिरीवर इंजिन आणि मग विजेची मोटर आली तसे राखणीसाठी आणि पाणी भरण्यासाठी लोक मळ्यात राहायला गेले. गावठाणातले घर मग जत्रेपुरते उघडू लागले, पण ते सहसा कोणी विकत नाही, कारण गावातले आपले स्थान त्या घराने टिकते. शेताची नोंद महसूल खात्याकडे असते. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, मुख्यतः घरपट्टीसाठी. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराची हद्द दाखवणारा नकाशा अनेक गावांत नव्हता. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच कारणाने.

जमिनीवरचा हक्क लिहून ठेवण्याची या भागातली परंपरा फार जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख ‘निवर्तन’ या मापाने शेते मोजतात. करंजाची झाडे लावण्यासाठी शेताचे उत्पन्न एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, सोपवल्याची नोंदही त्यांत आहे. म्हणजे जमीन एका ठिकाणी, तिचे उत्पन्न दुसऱ्याकडे आणि त्याचा विनियोग तिसऱ्याच कामासाठी, ही रचना तेव्हाही ओळखीची होती.

मराठेशाहीत शेतकऱ्यांचे दोन मुख्य प्रकार होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने त्याची. तो सारा भरत असेपर्यंत तिला धक्का लागत नसे. उपरी मात्र बाहेरून आलेला, कराराने कसणारा. जमिनीच्या मोठ्या भागांना ‘थळ’ म्हणत आणि थळाला मूळ घराण्याचे नाव असे. घराणे संपले की ती जमीन ‘गतकुळी’ ठरे. आजही शेताला गट नंबरापेक्षा जुन्या नावानेच ओळखतात. नाव ज्या कुळाचे, त्याचा वारस मात्र गावात असतोच असे नाही.

वतन हा त्यावरचा आणखी एक थर. पाटील, कुलकर्णी, महार यांना गावकामाबद्दल इनाम जमिनी होत्या. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांसारख्या बलुतेदारांचा वाटा खळ्यावर ठरे. मळणी होऊन रास पडली की ती घरी जाण्याआधी प्रत्येकाचे बलुते निघे. कापणीच्या वेळी पेंढ्यांच्या रूपानेही ते दिले जाई, आणि पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा हे त्याचे माप होते. या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात आहे. तिची दुसरी बाजू महारवतनात दिसते. थोड्या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाला रात्रंदिवस सरकारी आणि गावकीच्या कामाला जुंपले जाई. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात या वतनात सुधारणा करणारे विधेयक मांडले. कुलकर्णी वतने 1950 च्या, कनिष्ठ गाववतने 1958 च्या आणि पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपली. ही व्यवस्था केवळ इथलीच होती असे नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटावर गावप्रमुखाला पगाराऐवजी ‘बेंगकोक’ नावाची जमीन कसायला मिळत असे आणि भात कापणाऱ्यांना कापलेल्या भातातलाच वाटा देण्याची तिकडची रीत ‘बावोन’ म्हणून ओळखली जाते. रोकड कमी आणि जमीन हाताशी, अशा ठिकाणी मोबदला जमिनीतून किंवा राशीतूनच निघतो.

इंग्रजी अमलात जमीन साखळीने मोजली गेली. पहिल्या, प्रिंगलच्या मोजणीतला साऱ्याचा आकार फार चढा निघाला. मग विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी 1836 पासून इंदापूरहून सुरुवात करून नवी पद्धत बसवली. साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, हा एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. मातीची प्रतही आण्यांतच लावली गेली आणि सारा 30 वर्षांसाठी ठरला. पुढे दशमान पद्धत आली, पण 100 चौरस मीटरचा ‘आर’ आणि गुंठा जवळजवळ सारखेच असल्याने सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी बोलण्यात गुंठाच राहिला.

ठरलेला सारा आणि विकता येणारी जमीन यांमुळे शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले आणि त्याच कर्जापायी जमीन सावकाराकडे जाऊ लागली. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला रोखे जाळण्यात आले आणि पुणे-नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा त्याचा परिणाम. कुळांचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतरच हाताळला गेला. 1948 च्या कुळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. किंमत भरून त्या कायद्याच्या कलम 32-म चे प्रमाणपत्र घेणाऱ्याचे नाव कब्जेदार म्हणून लागले. आज खंडाने किंवा निम्म्याने जमीन देणारे बरेच जण लेखी करार टाळतात. कूळ लागण्याची ती धास्ती अजून गेलेली नाही.

सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड आहे. नमुना 7 मध्ये जमीन कोणाची आणि तिच्यावर कोणाचे काय हक्क हे, तर नमुना 12 मध्ये पीक कोणते हे लिहिलेले असते. मालक बदलला की आधी नमुना 6 मध्ये फेरफार पडतो. एका माणसाची गावातली सगळी खाती पाहायची तर 8-अ काढावा लागतो. पिकाची नोंद पूर्वी तलाठी करी. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी ती मोबाइलवरून स्वतः करतो. सातबाऱ्यातला सर्वांत बोलका भाग ‘इतर हक्क’ हा आहे. सोसायटीचा बोजा, कुळाचा उल्लेख, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनाचा शिक्का हे सगळे तिथे असते. जमीन घेणारा जाणता माणूस आधी तो रकाना वाचतो.

वाटणीने जमीन किती लहान होते, हे हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात दाखवले. त्यांच्या 1917 सालच्या अभ्यासात सरासरी धारणा 1771 मध्ये 40 एकर, 1818 मध्ये साडेसतरा एकर आणि 1915 च्या सुमारास 7 एकर आढळली. हिशेब सोपा आहे. सात एकर चार भावांत गेले की प्रत्येकी 1 एकर 30 गुंठे. पुढच्या पिढीत तीन मुलगे असले तर प्रत्येकी 23 गुंठे आणि वर थोडे. शिवाय भावांना प्रत्येक प्रतीच्या जमिनीत वाटा हवा असतो. काळ्या रानात एक पट्टा, माळावर एक, विहिरीखाली एक. म्हणून लहान झालेली धारणा पुन्हा चार ठिकाणी विखुरते. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले, पण वाटण्या थांबल्या नाहीत. कागदावर सामाईक आणि रानात वेगळे, अशी कित्येक खाती आहेत.

दोन पट्ट्यांमधली रेघ म्हणजे बांध. हातभर रुंदीच्या या मातीवर गवत, बाभूळ, कधी लिंब आणि जायची वाट असते. नांगरताना औत किंवा ट्रॅक्टरचा फाळ दर वर्षी बोटभर आत सरकला की काही वर्षांत बांध निम्मा होतो. यालाच बांध कोरणे म्हणतात. कोणी काही बोलत नाही, तोवर एक दिवस बांधावरचे झाड शेजाऱ्याच्या रानात उभे दिसते. मग भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज जातो आणि हद्दीचे दगड रोवले जातात. वाट अडवली तर प्रकरण 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाते. भाऊबंदकीचे बरेच खटले अशा हातभर जागेसाठी चालतात, कारण त्या हातभर जागेवरून बैलगाडी, मोटरची वायर आणि पाण्याचा पाइप जात असतो.

वाटणीत बहिणीचे नाव बराच काळ नव्हतेच. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क दिला. त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. वारसनोंदीत आता बहिणींची नावे लागतात, आणि पुष्कळ घरांत त्यापाठोपाठ हक्कसोडपत्रही होते. माहेर तुटू नये, दिवाळीला भाऊ न्यायला यावा, ही त्यामागची भावना. पूर्व पट्ट्यात जमिनीचे भाव चढले तसे हे पत्र पूर्वीइतके सहज होत नाही.

विहिरीची मालकी आण्यांत मोजली जाते. चार भावांची विहीर असेल तर प्रत्येकाचा चार आणे हिस्सा, एकाने दुसऱ्याचा घेतला की त्याचे आठ आणे. हिस्सा म्हणजे पाण्याची पाळी. चार आण्यांना एक दिवस असेल तर आठ आण्यांना दोन. जमीन विकणारा हिस्सा राखून ठेवू शकतो, म्हणून खरेदीखतात विहिरीचा उल्लेख वेगळा करावा लागतो. शेतीची वीज आलटून पालटून दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते, आणि उसात बिबट्या असण्याची शक्यता या तालुक्यांत नेहमीच धरावी लागते. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र उभे आहे, ते उगीच नाही.

पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्यांत, मालकीची भाषा वेगळी आहे. तिथे उतारावर दगडी ताल रचून, माती अडवून भातखाचर तयार करावे लागते. हे एका घराचे काम नाही. दहा-पंधरा घरे एकत्र येऊन पाळीपाळीने एकमेकांची खाचरे बांधतात, यालाच पडकई म्हणतात. डिंभे परिसरात ‘शाश्वत’ संस्थेने ही रीत पुन्हा उभी केली आणि तिच्या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जावामध्ये अशा सहश्रमाला ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. इथे रोजच्या बोलण्यात शब्द आहे सावड. मालकी एकाची, पण खाचर घडले सगळ्यांच्या हातांनी, म्हणून सावड मोडणाऱ्याला पुढच्या आवणीला माणसे मिळत नाहीत.

हिरड्याचे झाड घराण्याच्या वहिवाटीचे असते. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झोडून वाळवला जातो आणि त्याच्या पैशावर बी-बियाणे, शाळेची वह्या-पुस्तके आणि पावसाळ्याचा बाजार भागतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडे मोठ्या प्रमाणावर पडली आणि भरपाईसाठी हिरडा उत्पादकांना आंदोलने करावी लागली. भाताचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघते, मोठे हिरड्याचे झाड पुन्हा उभे राहायला पिढी जाते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून 1974 मध्ये महसूल कायद्यात निर्बंध घातले गेले. 2006 च्या वनहक्क कायद्याने कसलेल्या वनजमिनीवरचा आणि गावाच्या सामूहिक वनावरचा हक्क मान्य केला. देवराई मात्र या सगळ्याच्या आधीपासून आहे. ती देवाची, म्हणून तिथली फांदीही घरी नेत नाहीत.

कुकडी प्रकल्पाने या सगळ्या थरांना एकदम हात घातला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे या दोन तालुक्यांत झाली. घोड नदीवरच्या डिंभे धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गावच या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठिकाण घोडेगाव. पश्चिमेची खाचरे बुडाली आणि पूर्वेची रानं भिजली. बुडालेल्यांना जमीन द्यायची म्हणून लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांच्या जमिनी घेतल्या गेल्या किंवा त्यांच्या सातबाऱ्यावर पुनर्वसनाचे शिक्के बसले. भरपाई मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला मिळाली. निम्म्याने कसणाऱ्याचा, हिरडा झोडणाऱ्याचा किंवा सावडीत ताल रचणाऱ्याचा हक्क त्या हिशेबात कुठेच नव्हता.

उन्हाळ्यात डिंभ्याचे पाणी ओसरते तेव्हा गाळाने भरलेली जमीन काठाने उघडी पडते. ती सरकारची, कारण संपादन झालेले आहे. तिच्यात काठावरची विस्थापित कुटुंबे पाणी परत येईपर्यंत एक पीक काढतात. अशा जमिनीला गाळपेर म्हणतात.