दगडातून काढलेले निळे डोंगर

चीनमध्ये एक चित्र आहे. लांबी सुमारे १२ मीटर आणि उंची जेमतेम अर्धा मीटर! रेशमी कापडावर काढलेलं हे चित्र गुंडाळून ठेवतात. पाहायचं असेल तर उजवीकडून हातभर उलगडायचं, तेवढं बघून झालं की गुंडाळायचं आणि डावीकडचं पुढचं उलगडायचं. म्हणजे डोंगर, नद्या, होड्या, मधोमध मंडप असलेला लांबलचक पूल हे सगळं एकेक करून भेटत जातं. माणसं तर इतकी चिमुकली की शोधावीच लागतात.

चित्राचं नाव ‘हजार ली नद्या आणि डोंगर’. (ली हे अंतराचं चिनी माप.) ते काढलं वांग शिमेंगनं, वयाच्या अवघ्या १८व्या वर्षी आणि तेही सहा महिन्यांच्या आत. त्याला शिकवत होता खुद्द सम्राट हुइझोंग! त्साय जिंग नावाच्या मंत्र्यानं १११३ साली हे सारं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं.

आता खरी गंमत. नऊशे वर्षं उलटली, तरी डोंगर अजून निळेशार आहेत. कारण तो रंग दगडाचा आहे. निळा ॲझुराइटचा, हिरवा मॅलॅकाइटचा. दोन्ही तांब्याची खनिजं. झाडापानांचे रंग उजेडात विटतात, हे सहसा विटत नाहीत.

पण एकाच निळ्या दगडातून गडद आणि फिकट असे दोन्ही निळे कसे निघाले? दगड कुटायचा, खलायचा आणि ती पूड पाण्यात ढवळायची. जाड कण लगेच तळाशी बसतात, बारीक कण बराच वेळ तरंगतात. वरचं पाणी वेगळं ओतून घेत गेलं की एकाच दगडाच्या तीन-चार छटा हातात येतात. जाड कणांचा रंग गडद, बारीक कणांचा फिकट. खडीसाखर आरपार दिसते, पण कुटली की पांढरी होते ना? तसंच इथे. बारीक कणांवरून उजेड वरच्यावर विखुरतो आणि रंगात पांढरेपणा येतो. जाड कणांत तो खोल शिरतो, म्हणून निळा गडद दिसतो.

असं चित्र काढताना आधी शाईनं रेघा काढायच्या. ही शाई काजळी आणि सरस मिसळून केलेली. मग खाली गेरूचा हात आणि त्यावर निळ्या-हिरव्याचे थरावर थर. पूड कापडाला धरून राहावी म्हणून तिच्यातही सरस असतोच. तरीसुद्धा चित्र उलगडताना दगडाचे कण सुटण्याची भीती असते. त्यामुळे बीजिंगचं राजवाडा संग्रहालय ते क्वचितच बाहेर काढतं. २०१७ साली काढलं होतं.

तुम्ही याचा फोटो मिळवा. कागदानं झाकून उजवीकडून थोडा थोडा उघडत जा आणि सर्वांत गडद निळी शिखरं कुठे आहेत ते शोधा. दगडाचे जाड कण तिथेच बसले असतील.