धर्मार्थ सायकलप्रवास आणि ‘रथक्षोभ’

एखाद्या सत्कार्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने शेकडो किलोमीटर सायकल चालविण्याची प्रथा ब्रिटनमध्ये चांगलीच रुजली आहे. लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स हा सुमारे १,४०० किलोमीटरचा मार्ग त्यासाठी प्रसिद्ध आहे. ॲलिस्टर हम्फ्रीज या इंग्रज तरुणाने २००१ ते २००५ या काळात ६० देशांतून सुमारे ७४,००० किलोमीटर प्रवास करून ‘होप अँड होम्स फॉर चिल्ड्रन’ या संस्थेच्या कार्याला हातभार लावला. मनाली-लेह मार्गावर अशी परदेशी पथके येतात आणि आपले तरुणही काश्मीर ते कन्याकुमारी असे संकल्प करतात. त्यामुळे मार्गावरील कोणत्याही वैद्याकडे असा रुग्ण येऊ शकतो.

या रुग्णाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. त्याने अंतर आधीच जाहीर केलेले असते व देणगीदारांनी त्यावर विश्वास ठेवलेला असतो. म्हणून तो लक्षणे लपवितो आणि ‘उद्या निघता येईल असे काही द्या’ एवढेच मागतो.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील बाराव्या अध्यायात आठ वर्ज्य गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे हादरे, आणि अत्यासन, म्हणजे दीर्घकाळ बसणे, यांचा समावेश आहे. नितंब, वंक्षण, वृषण, कटी व पृष्ठ येथील वेदना, मान व खांद्यांचे दौर्बल्य, पादशोथ, बधिरता आणि झिणझिण्या ही तेथील लक्षणे सायकलस्वाराच्या तक्रारींशी तंतोतंत जुळतात. आधुनिक दृष्टीने पाहता आसनाच्या दाबाने जननेंद्रियाजवळील नाडी व हँडलच्या दाबाने मनगटातील नाडी पीडित होते. करंगळी व अनामिका बधिर होतात.

चिकित्सा

आचार्यांनी येथे स्नेह-स्वेदादी वातहर उपक्रम आणि त्याबरोबर निदानपरिवर्जन सांगितले आहे. मुक्कामी तिळतेलाचा अभ्यंग, नंतर मृदू स्वेद व पादाभ्यंग करावा. परंतु आसनाची उंची व कल सुधारल्याविना तेलाचा उपयोग तात्पुरताच ठरतो. मांड्यांच्या घर्षणाने त्वचा लाल झाल्यास शतधौत घृत लावावे. त्वचा फाटली असल्यास व्रण स्वच्छ व कोरडा ठेवून प्रवास थांबवावा. मूत्रवेगाचे धारण करू नये, हे आवर्जून सांगावे.

महागड्या शक्तिवर्धकांची गरज नसते. चरकोक्त श्रमहर गणात द्राक्षा, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, यव व साठेसाळीचा भात ही दहा द्रव्ये आहेत. बहुतेक सर्व बाजारात सहज मिळतात. त्यांच्या जोडीला मीठ व तूप घातलेली पेज द्यावी.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणांत आपल्या चिकित्सेत वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे: उन्हात भ्रम किंवा मूर्च्छा, गडद तपकिरी मूत्र, छातीत वेदना, तसेच केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पिऊन आलेली डोकेदुखी, उलटी व गोंधळ. तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. अशा ठिकाणी डोकेदुखी व उलटी असताना आणखी वर चढू नये. विश्रांतीतही दम लागत असल्यास अथवा चाल अडखळत असल्यास तत्काळ खाली उतरवावे.

औषधालयचालकांसाठी

नाव नसलेल्या पुड्या देऊ नयेत. सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशास घटकद्रव्ये इंग्रजीत लिहून द्यावीत. ज्याचा पाठपुरावा शक्य नाही अशा रुग्णास रसकल्प देणे टाळावे. घाम जाऊन शरीरातील जलांश घटला असताना वेदनाशामक गोळ्या वृक्कांना अपाय करू शकतात, याची जाणीव द्यावी.

संकल्प आणि विश्रांती

केवळ ‘थांबा’ म्हटल्याने हा रुग्ण थांबत नाही. त्याला थांबण्यास सन्मान्य कारण लागते. वैद्याने आपल्या पत्रकावर निदान व विश्रांतीचे दिवस स्पष्ट लिहून द्यावेत, म्हणजे ते देणगीदारांना दाखविता येते. मार्ग आखताना दर आठवड्यास एक विश्रांतीचा दिवस आधीच जाहीर करावा, असा सल्लाही द्यावा. बधिरता वाढत असताना ‘उद्या निघता येईल’ असे औषध देणे ही चिकित्सा नव्हे. अशा वेळी निदानपरिवर्जन हेच प्रथम कर्तव्य होय.