बाळ झोपलंय तोवर थांबू: घरातल्या पहिल्या फोटोंविषयी



आजच्या विषयाची पाटी वाचून इथल्या एका तरुण कार्यकर्त्यानं मला विचारलं, ‘सर, ह्यात तत्त्वज्ञान खंय इला?’ रास्त प्रश्न आहे. आधी व्यवहाराचं बोलू. तत्त्वज्ञान कुठे येतं ते वाटेत दिसेलच.

गेल्या काही वर्षांत शहरांतून एक नवा व्यवसाय उभा राहिलाय, तान्ह्या बाळांचे फोटो काढणाऱ्यांचा. त्याचे ढोबळ दोन प्रकार. एकात बाळाला स्टुडिओत नेतात, कापडात गुंडाळतात, टोपलीत किंवा लाकडी काथवटीत ठेवतात, डोक्याला फुलांची पट्टी बांधतात. ही शैली जगभर गेली ती मुख्यतः अ‍ॅन गेडिस या छायाचित्रकार बाईंमुळे. त्यांचं ‘डाउन इन द गार्डन’ हे पुस्तक 1996 सालचं. दुसऱ्या प्रकारात छायाचित्रकार घरी येतो, दोन-तीन तास थांबतो, आणि घरात जे चाललंय तेच टिपतो. दूध पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, आजीचं मांडीवर घेऊन तेल चोळणं. पहिली बाळंतपणं आपल्याकडे माहेरी होतात. मुलगी गावात येते, बाळाचा बाप मुंबईहून दोन दिवसांची रजा काढून कोकण रेल्वेनं येतो आणि परत जातो. त्या दोन दिवसांतला हा घरगुती कार्यक्रम. आज मी बोलणार तो त्याच्याविषयी.

आधी बाळाची बाजू बघू. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच काय ते बऱ्यापैकी दिसतं. पाजताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. दिवसाचे सोळा-सतरा तास ते झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. मान धरत नाही. आवाज झाला, आधार सुटल्यासारखं वाटलं, की दोन्ही हात पसरून दचकतं. आता अशा जीवाला हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बेडकासारखं बसवलेलं तुम्ही फोटोत पाहिलं असेल. तसं ते बसत नाही हो! जाणकार छायाचित्रकार तिथे दोन फोटो काढतात. एकात कुणीतरी बाळाचं डोकं वरून धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं धरलेली असतात. मग संगणकावर दोन्ही जोडून धरणारे हात पुसतात. हे ठाऊक नसलेला एखादा हौशी मामा मोबाइल घेऊन खरंच बाळाला तसं बसवायला जातो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मानेला आधार नसेल तर श्वासाची वाट दबू शकते.

स्टुडिओवाले पहिल्या पंधरवड्याची घाई करतात, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुटकुळं करून राहतं. घरी ही घाई लागत नाही. बारसं होऊ दे, बाळंतीण जरा सावरू दे, महिना उलटू दे. बाळ जागं असेल तर जागेपणीचे फोटो. रडलं तर कॅमेरा खाली ठेवायचा, आईनं पाजायचं, बाकीच्यांनी चहा घ्यायचा. येणाऱ्या माणसानं हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर आलंच नाही तर बरं. त्याला हे सांगायला संकोच करू नका, आपलं घर आहे.

उजेडाचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या चिऱ्याच्या घरांत तो बेताचाच असतो. बाळंतिणीची खोली तर वारा लागू नये म्हणून मुद्दाम बंद. माजघरात छपराला काचेचं कौल असतं, त्याखाली बाळाला ठेवावंसं वाटतं. पण सरळ वरून पडणाऱ्या उजेडानं डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. त्यापेक्षा पडवीच्या बाजूची खिडकी किंवा दार बरं. खाट तिथे सरकवा. बाळाचं डोकं उजेडाकडे थोडं तिरकं ठेवा, म्हणजे उजेड कपाळावरून खाली उतरतो. पाय उजेडाकडे केले तर तो हनुवटीखालून वर चढतो आणि गोजिरं पोर भुतासारखं दिसतं. ट्यूब बंद करा, दोन रंगांचे उजेड एकत्र आले की कातडीचा रंग बिघडतो. आपल्या भिंती हिरव्या, गुलाबी. तोच रंग बाळाच्या गालावर येतो. खाटेवर आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं लुगडं अंथरा. त्याच्यासारखी पार्श्वभूमी विकत मिळायची नाही. आणि एक निक्षून सांगतो. बाळ उघडं ठेवायचंय म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, तो कळतसुद्धा नाही. ओव्याच्या धुरीचंही तेच, धूर त्या एवढ्याशा छातीत जातो. थंडी वाटली तर बाळाला कपडे घाला. कपड्यातलं बाळही बाळच असतं.

आता थोडा इतिहास. छायाचित्रणाची विद्या जगापुढे आली 1839 साली, आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते, त्यांचे बंधू नारायण दाजी होते. नारायण दाजी तर त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. भाऊ दाजींचा जन्म मांद्र्याचा, म्हणजे इथून किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली गेलं की आलंच. त्या काळी एका फोटोला कित्येक सेकंद लागत, आणि तेवढा वेळ पोर हलायचं थांबत नसे. विलायतेत यावर तोडगा काढला: आईलाच खुर्चीसारखी बसवायची, तिच्या अंगावरून डोक्यासकट चादर टाकायची, आणि बाळ तिच्या मांडीवर. फोटोत बाळ दिसतं आणि मागे कापडाचा एक ढिगारा. असे पुष्कळ फोटो आज संग्रहांत आहेत. त्या ढिगाऱ्यातून एखादा हात बाहेर आलेला दिसतो, आणि बघणारा चरकतो.

तत्त्वज्ञान इथे आलं बघा. त्या बाईनं नऊ महिने वाढवलं, जन्म दिला, आणि आता फोटोसाठी ती फर्निचर झाली. कांटनं 1785 साली लिहून ठेवलंय की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. आज आपण चादर टाकत नाही. पण ‘तू जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतेस’ असं बाळंतिणीला सहज म्हणतो. तीही म्हणते, ‘माझा नको, मी कशी दिसतेय.’ डोळ्यांखाली काळं, केस बांधलेले, अंगावर दुधाचे डाग. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की तिला घ्या. पुढे वीस वर्षांनी ते मूल हा फोटो हातात घेईल तेव्हा स्वतःला ओळखणारही नाही, सगळीच बाळं सारखी दिसतात. ते शोधेल आईला, आपल्याएवढ्या वयाच्या आईला.

दुसरा माणूस आपला, दादासाहेब फाळके. सिनेमाच्या आधी ते गोध्र्याला छायाचित्रकार होते. 1900 च्या सुमाराला प्लेगनं त्यांची पत्नी आणि मूल गेलं. पुढे बडोद्यात धंदा मांडला तर लोकांत समजूत पसरली की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो, आयुष्य कमी करतो. धंदा बसला. आपल्याकडेही ‘वर्षाचं होईपर्यंत पोराचा फोटो काढू नये’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांना हसत नाही. ज्या काळात घरोघरी पाळणे रिकामे होत, त्या काळात भीतीला काही ना काही रूप मिळणारच.

तर याच फाळक्यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यापुढे कॅमेरा ठेवला. रोज थोडं थोडं चित्रण, असं महिनाभर. त्यातून ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची फिल्म झाली. ती दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा केला, म्हणून आपण तिला भांडवलाची गोष्ट समजतो. मला त्यात निराळं दिसतं. अंकुर ओढून लांब करता येत नाही. कॅमेऱ्यानं थांबायचं, वाढ आपल्या गतीनं होणार. घरी येणाऱ्या छायाचित्रकाराला मी काही शिकवायला गेलो तर ही कुंडी दाखवीन.

शेवटचा मुद्दा, हे फोटो जातात कुठे? रोलां बार्त या फ्रेंच विचारवंतानं आई गेल्यावर छायाचित्रांवर एक पुस्तक लिहिलं, 1980 साली आलं. अख्खं पुस्तक आईच्या एका फोटोभोवती फिरतं. ती पाच वर्षांची असतानाचा. पुस्तकात इतर बरेच फोटो आहेत, तो नाही. त्याचं म्हणणं, तुम्हाला तो कुठल्याही मुलीचा एक फोटो वाटेल. घरचा फोटो घराबाहेर गेला की त्याचं असंच होतं. आपला 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, पण घरगुती वापराला तो लागू नाही. म्हणजे व्यावसायिकानं बाळाचा फोटो जाहिरातीत टाकायचा तर तुम्हाला विचारायला हवं; तुम्ही स्वतः गावच्या ग्रुपवर टाकलात तर विचारणारं कुणी नाही. म्हणून छायाचित्रकाराशी आधीच ठरवा, कागदावर. उघड्या बाळाचे फोटो कुठेच टाकू नका. आमच्या पिढीच्या घरांत पालथं पडलेल्या नागड्या पोराचा फोटो भिंतीवर असायचा, पण ती भिंत घरातली होती.

(श्रोत्यांतून एका आजींचा प्रश्न: ‘सर, फोटो काढूच्या वेळाक तीट ठेवूची काय पुसूची?’)

ठेवा, आजी. गालावर, कपाळावर, तळपायाला, कुठे लावायची तिथे लावा. फक्त काजळ डोळ्यांत घालू नका, डॉक्टर नको म्हणतात. आणि फोटोवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो डाग समजून ती संगणकावर पुसून टाकेल.