जनुकांचा शेजारधर्म

आनुवंशिकता शिकवताना जनुके आई-वडिलांकडून मुलांकडे जातात, असे आपण सांगतो. जीवाणूंच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. एका जीवाणूतील जनुक शेजारच्या, प्रसंगी वेगळ्या जातीच्या, जीवाणूतही जाऊ शकते. अनेक जीवाणूंत गुणसूत्राखेरीज डी.एन.ए.ची लहान वर्तुळे असतात. ती म्हणजे प्लाझ्मिड. दोन पेशी जोडल्या गेल्या की काही प्लाझ्मिडांची प्रत एकीतून दुसरीत जाते. शिवाय डी.एन.ए.चे काही तुकडे एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसतात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. अशा फिरत्या डी.एन.ए.मधील जनुकांचे काम कसे ओळखतात? एका उदाहरणाने पाहू.

कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडाला अपायकारक म्हणून माणसांत त्याचा वापर मागे पडला होता. पण इतर औषधांना दाद न देणारे जीवाणू वाढले, तसे ते शेवटचा उपाय म्हणून परत आले. जनावरांच्या खाद्यात मात्र ते वापरले जातच होते. २०१३ मध्ये शांघायमधील डुक्करपालन केंद्रातल्या एका डुकरात कोलिस्टिनला दाद न देणारा ई. कोलाय सापडला. तोवर असा प्रतिरोध गुणसूत्रातील बदलांमुळे येतो, म्हणजे केवळ पुढच्या पिढीला मिळतो, असे माहीत होते. पण हा जीवाणू कोलिस्टिनने मरणाऱ्या ई. कोलायबरोबर वाढवला, तर प्रतिरोध त्यालाही मिळाला! साहजिकच संशय प्लाझ्मिडवर गेला.

प्लाझ्मिडचा संपूर्ण क्रम वाचला गेला. त्यात बेसांच्या ६४,०१५ जोड्या होत्या. प्रथिनाचा आरंभ आणि शेवट दाखवणाऱ्या तीन-अक्षरी खुणांवरून त्यातील जनुके शोधतात. एक जनुक १,६२६ जोड्यांचे निघाले. तिनाने भागले की ५४२ शब्द होतात. शेवटचा शब्द म्हणजे पूर्णविराम, म्हणून प्रथिनात ५४१ ॲमिनो आम्ले. हा भागाकार फळ्यावर जरूर करून घ्यावा. हे प्रथिन फॉस्फोइथॅनॉलअमीन हा रेणुगट जोडणाऱ्या ज्ञात विकरांसारखे दिसत होते.

पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तेवढे एकच जनुक वेगळे काढून कोलिस्टिनने मरणाऱ्या ई. कोलायमध्ये घातले. आता तोही औषधाला दाद देईना. त्याच्या बाह्य पटलातील मेद तपासला, तर त्याला तोच रेणुगट जोडलेला आढळला. कोलिस्टिनवर धन प्रभार असतो, तर पटलातील मेदावर ऋण. जोडलेल्या गटामुळे ऋण प्रभार घटतो आणि औषधाची पकड सैल होते. २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जनुकाला एम.सी.आर.-१ हे नाव मिळाले.

क्रमाने आणखी एक गोष्ट सांगितली. या जनुकाला लागूनच, स्वतः जागा बदलण्यासाठी लागणारे विकर बनवणारा एक तुकडा होता. इतर काही जीवाणूंत तो जनुकाच्या दोन्ही बाजूंना सापडला. म्हणजे हे जनुक एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर आणि प्लाझ्मिडसह पेशीतून पेशीत जाऊ शकते. पुढे ते अनेक देशांत आढळले. चीनने २०१७ मध्ये जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे थांबवले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली.

औषधामुळे जीवाणू शहाणे होतात का, असे विद्यार्थी विचारतात. औषध हे जनुक घडवत नाही. ज्याच्याजवळ ते आधीच आहे, त्याला ते मोकळे रान देते. औषधाचा अनावश्यक वापर टाळायचा तो यासाठीच.